राजापूरची वखार आणि टोपीकरांचे शब्द

राजापूरच्या इंग्रज वखारीचें नांव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. आदिलशाही अंमलांत, इ. स. १६४९ च्या सुमारास, ही वखार स्थापन झाली. इ. स. १६६० त तिचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन हा उखळी तोफा व दारूगोळा घेऊन सिद्दी जौहराच्या मदतीस पन्हाळ्याखालीं गेला आणि इंग्रजी निशाण लावून त्यानें गडावर मारा केला. मार्च १६६१ मध्यें शिवाजीमहाराजांनीं राजापुरावर चालून येऊन वखार लुटली व रेव्हिंग्टनासह तेथील इंग्रजांस कैद करून गडावर ठेविलें. त्यांची सुटका इ. स. १६६३ त झाली. पुढें नुकसानभरपाईचा प्रश्न तब्बल तेरा वर्षें भिजत पडला व त्याची तडजोड इ. स. १६७४ त, राज्याभिषेकाच्या वेळीं, हेन्री ऑक्झेंडन रायगडीं आला तेव्हां झाली.

इतका हा विषय परिचित असतांही अलीकडे एका पुस्तकांत आम्हांस ‘राजापूरचा इंग्रजांचा कारखाना’ असें शब्द आढळले. लेखक एवढ्यावर थांबले नाहींत. पन्हाळ्यावर टाकलेले गोळे ह्याच कारखान्यांत ओतले गेले असावेत, असा तर्कही त्यांनीं पुढें केला आहे. पुस्तकाचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष एकट्या त्या लेखकाचा नाहीं. इंग्रजी कागदांत ‘फॅक्टरी’ हा शब्द आहे, आजच्या इंग्रजींत फॅक्टरी म्हणजे कारखाना, म्हणून राजापुरास कारखाना होता, अशी ही साखळी आहे. हिची मधली कडी खोटी आहे. ती कशी, हें पाहूं लागलों असतां शब्द एका भाषेंतून दुसरींत जातांना कसकसा वेष पालटितो याचीं अनेक उदाहरणें एकट्या राजापूर बंदराच्या आसपास सांपडतात. कागदपत्रांच्या वाचकांस व संग्राहकांस तीं उपयोगी पडतील असें समजून त्यांतील कांहीं येथें मांडीत आहों.

१. वखार, फॅक्टरी व कारखाना

‘फॅक्टरी’ शब्दाच्या मुळाशीं लॅटिनमधील ‘फाकेरे’, म्हणजे करणें, हा धातु आहे. (भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध आपल्या ‘धा’ धातूशीं जोडतात.) त्यापासून ‘फाक्तोर’ म्हणजे करणारा. मध्ययुगांत हा शब्द धन्याच्या वतीनें परमुलखांत खरेदीविक्री करणाऱ्या माणसास लागूं लागला. पोर्तुगीज भाषेंत त्याचें रूप ‘फैतोर’ झालें, व फैतोर जेथें राहून माल सांठवितो ती ‘फैतोरिया’. पोर्तुगीजांनीं आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मलबारापर्यंत अशा फैतोरिया घातल्या. मागाहून आलेल्या इंग्रजांनीं व वलंदेजांनीं तीच व्यवस्था उचलली. इंग्रजांची ‘फॅक्टरी’ म्हणजे फॅक्टरांचें राहण्याचें व माल ठेवण्याचें ठिकाण. तेथें माल होत नसे. तो विकत घेऊन, गांठोडीं बांधून, जहाजाची वाट पाहत ठेविला जाई.

आपल्याकडील लोकांनीं ह्या संस्थेस दिलेलें ‘वखार’ हें नांव किती अचूक होतें, हें यावरून कळेल. वखार म्हणजे माल सांठविण्याची जागा. गुजरातींत हाच शब्द आहे, व हिंदींतील ‘बखार’ म्हणजे धान्याचें कोठार. राजापूरच्या व्यापाऱ्यानें टोपीकराच्या घराकडे पाहिलें, तेथें काय चालतें हें ओळखिलें, आणि आपल्या घरचा शब्द त्यास लाविला. त्यानें परका शब्द घेतला नाहीं, कारण त्याची गरजच नव्हती. ‘फॅक्टर’ ह्या शब्दाचा तर अक्षरशः पर्याय आपल्या दफ्तरांत आधींच होता: फारसी ‘कारकून’ म्हणजे काम करणाराच. लॅटिन व फारसी, दोन्ही भाषांनीं लेखणी घेऊन बसणाऱ्या सेवकास ‘करणारा’ म्हटलें, ही गोष्ट मौजेची आहे.

मग इंग्रजी शब्दाचा अर्थ पालटला कोठें? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडांत यंत्रावर चालणारीं मोठीं कामाचीं घरें उभीं राहिलीं आणि ‘फॅक्टरी’ हा शब्द मुख्यतः त्यांस लागूं लागला. व्यापारी ठाणीं मोडत गेलीं तसा जुना अर्थ मागें पडला. युरोपच्या इतर भाषांत मात्र हें स्थित्यंतर झालें नाहीं. जर्मन लोक व्यापारी ठाण्यास ‘फाक्तोराय’ व कारखान्यास ‘फाब्रीक’ म्हणतात. डच भाषेंत ‘फाक्तोराय’ व ‘फाब्रीक’ असाच भेद आहे. पोर्तुगीजांत ‘फैतोरिया’ निराळी व ‘फाब्रिका’ निराळी. हा दुसरा शब्द लॅटिन ‘फाब्रिका’, म्हणजे कारागिराची कर्मशाळा, ह्यापासून आला. तोच इंग्रजींत ‘फॅब्रिक’ होऊन कापडाच्या अर्थीं रुळला. म्हणजे कर्मशाळेचें नांव इंग्रजानें कापडास दिलें व वखारीचें नांव कर्मशाळेस दिलें. शेजारच्या भाषांत जी जोडी शाबूत राहिली ती एका भाषेंत अशी उलथीपालथी झाली, व आपण नेमक्या त्याच भाषेच्या द्वारें युरोपचा इतिहास वाचतों!

‘कारखाना’ शब्दाचीही तीच गत आहे. शिवकालीन ‘बारा महाल अठरा कारखाने’ ह्यांतील कारखाने म्हणजे जिन्नसखाना, जवाहिरखाना, अंबारखाना अशीं राजगृहाचीं खातीं. तेथें धुराडें शोधणें व्यर्थ होय. तेव्हां सतराव्या शतकांतील ‘फॅक्टरी’ आजच्या अर्थानें घेऊन तिचें ‘कारखाना’ असें भाषांतर करणारा मनुष्य एका वाक्यांत दोन शतकांच्या दोन चुका करितो. आणि ही चूक शब्दापुरती राहत नाहीं. राजापुरास व्यापाऱ्यांची वखार होती. व्यापाऱ्यांनीं दोन राजांच्या युद्धांत तटस्थ राहावें ही अपेक्षा होती. ती मोडून वखारीचा मुख्य निशाण घेऊन वेढ्यांत उतरला, म्हणून महाराजांनीं त्यास शासन केलें. ही सर्व न्यायाची बाजू ‘वखार’ ह्या एका शब्दावर उभी आहे. तेथें तोफांचा कारखाना कल्पिला कीं राजापूरची स्वारी नुसती शस्त्रागारावरील धाड ठरते व रेव्हिंग्टनाचा विश्वासघात दृष्टीआड होतो.

आज ‘वखार’ शब्दही पूर्वीच्या वैभवांत राहिला नाहीं. बोलण्यांत तो बहुधा लांकडाच्या वा कोळशाच्या वखारीपुरता उरला आहे. सांगलीच्या वखारभागानें तो स्थलनामांत जपला आहे, आणि राज्याच्या वखार महामंडळानें त्यास सरकारी कागदांत पुन्हा जागा दिली आहे.

२. टोपीकरांचीं नांवें

आज्ञापत्रांत समुद्रमार्गानें येणाऱ्या परकीय सावकारांस ‘टोपीकर’ असें एकच नांव देऊन त्यांत फिरंगी, इंगरेज, वलंदेज, फरासीस व डिंगमार असे भेद सांगितले आहेत. ह्या पांच नांवांचा विचार केला तर तीं आपणांस कोणाच्या तोंडून मिळालीं हें दिसून येतें.

‘इंग्रज’ हा शब्द इंग्रजानें आपणांस सांगितलेला नाहीं. तो पोर्तुगीज ‘इंग्लेस’ ह्यापासून आला; अनेकवचनांत तेथें ‘झ’ चा उच्चार होतो, तो आपल्या ‘ज’ मध्यें राहिला आहे. ‘वलंदेज’ हा पोर्तुगीज ‘ओलांदेस’. हा शब्द लिहितांना पोर्तुगीज आरंभीं हकार लिहितात, पण उच्चारीत नाहींत. म्हणून कानानें शब्द घेणाऱ्या मराठ्यानें ‘हलंदेज’ न म्हणतां ‘वलंदेज’ म्हटलें. ‘डिंगमार’ ह्या विचित्र रूपांत पोर्तुगीज ‘दिनामार्का’, म्हणजे डेन्मार्क, सहज ओळखूं येतो. सतराव्या शतकांत ह्या किनाऱ्यावर टोपीकरांशीं व्यवहाराची सामान्य भाषा पोर्तुगीज होती. इंग्रज व वलंदेजही तिचाच आश्रय करीत. दुभाष्यानें जें नांव उच्चारिलें तें दफ्तरीं गेलें.

इंग्रज स्वतः ह्या बाबतींत आपल्याहून काटेकोर होता असें नाहीं. ज्यास आपण वलंदेज म्हणत होतों त्यास तो ‘डच’ म्हणे. हा शब्द वस्तुतः जर्मनांच्या स्वतःच्या ‘डॉइच’ ह्या नांवाचें भावंड. त्याचा मूळ अर्थ ‘लोकांचा, लोकभाषेचा’. खुद्द डच लोक ‘दाउत्स’ हा शब्द जर्मनांविषयीं योजतात. इंग्रजानें शेजाऱ्याचें नांव त्याच्याही शेजाऱ्याकडून घेऊन लाविलें, आणि इंग्रजी शाळांतून तेंच ‘डच’ मराठींत येऊन जुना ‘वलंदेज’ मागें पडला. आमच्या मतें जुना शब्द अधिक यथार्थ होता, कारण तो निदान त्यांच्याच एका प्रांतावरून, हॉलंडावरून, पडलेला होता. वेंगुर्ल्यास इ. स. १६३७ त वखार घालणारे हेच लोक होत.

‘फिरंगी’ शब्दाची कथा सर्वांत लांबची आहे. मूळ ‘फ्रांक’ हें एका जर्मानिक टोळीचें नांव. ह्या टोळीनें गॉल देश जिंकला, त्यावरून त्या देशास ‘फ्रान्स’ म्हणूं लागले. जिंकणाऱ्या फ्रांकांस जे पूर्ण नागरिकत्वाचे हक्क होते त्यावरून ‘फ्रांक’ म्हणजे स्वतंत्र, असा अर्थ उत्पन्न झाला. इंग्रजींत तोच पुढें ‘मोकळ्या मनाचा’ असा झाला. इकडे क्रूसयुद्धांच्या काळीं अरबांस पश्चिम युरोपचे सारे लोक फ्रांकच वाटले. त्यांचें ‘फरंज’, इराण्यांचें ‘फरंग’. तो शब्द हिंदुस्थानांत आला तेव्हां समोर पोर्तुगीज उभे होते, म्हणून मराठींत फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. यामुळें आज्ञापत्राच्या यादींत ‘फिरंगी’ व ‘फरासीस’ हीं दोन नांवें दोन भिन्न राष्ट्रांचीं असलीं तरी दोहोंच्या मुळाशीं तोच फ्रांक आहे. त्यांतून पहिलें नांव ज्यांस मिळालें त्यांचा फ्रांकांशीं संबंध फारच थोडा. पुढें युरोपीय पात्याच्या सरळ तलवारीस ‘फिरंग’ म्हणूं लागले, आणि सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत परदेशीयांबरोबर आलेल्या दुष्ट रोगास ‘फिरंगरोग’ असें नांव मिळालें. एकाच नांवापासून युरोपांत स्वातंत्र्य व मोकळेपणा, आणि आपल्याकडे तलवार व रोग! शब्द ज्या अनुभवांतून जातो त्याचा रंग त्यास चढतो, याचें याहून उघड उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

३. बंदरावरून घरांत आलेले शब्द

आतां राजकारण सोडून घराकडे वळूं. रोज उच्चारिले जाणारे कित्येक शब्द ह्याच समुद्रमार्गानें आले आहेत. पोर्तुगीज ‘पागार’ म्हणजे देणें, पैसे चुकते करणें. मराठीनें त्या क्रियापदाचें नाम करून ‘पगार’ केला व वेतन, मुशाहिरा, रोजमुरा ह्या जुन्या शब्दांच्या पंक्तीस बसविला. मूळ लॅटिन ‘पाकारे’ म्हणजे शांत करणें. तो ‘पाक्स’, शांतता, ह्यापासून झाला. धनकोस शांत करणें म्हणजे त्याचे पैसे देणें, हा अर्थविकास सुबोध आहे. इंग्रजी ‘पे’ व ‘पीस’ हे दोन्ही शब्द याच कुळांतले.

‘तुरुंग’ पोर्तुगीज ‘त्रोंकु’ पासून आला. लॅटिन ‘त्रुंकुस’ म्हणजे फांद्या तोडलेलें झाडाचें खोड. कैद्याचे पाय अडकविण्याचा लांकडी खोडा, त्यावरून खोड्याची जागा, त्यावरून बंदिशाळा, असा हा क्रम आहे. आपल्या ‘खोडा’ शब्दांतही खोडच आहे हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. इंग्रजींत त्याच खोडाचा ‘ट्रंक’ झाला. त्याची पेटीही होते व हत्तीची सोंडही होते. ‘लिलाव’ हा पोर्तुगीज ‘लैलांव’. पण तोही मूळचा त्यांचा नव्हे. अरबी ‘अल्-इअलाम’, म्हणजे जाहीर करणें, हें त्याचें मूळ मानितात. अरबांचा शब्द पोर्तुगालांत गेला व पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आला. यास्तव एखादा शब्द अरबी मुळाचा दिसला म्हणून तो मुसलमानी राजवटीबरोबरच आला, असें ठरवितां येत नाहीं. ‘साबण’ घ्या. त्याचें मूळ जर्मानिक, तेथून तो लॅटिनमध्यें गेला. अरबींत ‘साबून’, पोर्तुगीजांत ‘साबांव’. आपल्या दारीं तो दोन्ही वाटांनीं येऊं शकतो.

रत्नागिरी जिल्ह्याचें भूषण जो हापूस आंबा, त्याचें नांव पोर्तुगीज ‘आफोंसु’ ह्या विशेषनामापासून. हें नांव गॉथ लोकांच्या बोलींतून स्पेन-पोर्तुगालांत रुजलें. गोमंतकांतून वर येतां येतां त्याचें ‘आफूस’ व मग ‘हापूस’ झालें. ओलांदेसाचा लिहिलेला हकार आम्हीं ऐकिला नाहीं, आणि आफोंसूस नसलेला हकार जोडिला, ही नोंद उच्चारशास्त्रानें घ्यावी. इंग्रजांनीं त्याचेंच ‘अल्फान्सो’ केलें, म्हणजे पोर्तुगीजांनीं गाळलेला लकार परत बसविला, आणि इ. स. २०१८ त कोंकणच्या आंब्यास भौगोलिक मानांकन मिळालें तेंही त्या इंग्रजी नांवानें. ‘काजू’ हा तर ब्राझीलच्या तुपी लोकांचा शब्द. तो पोर्तुगीज जिभेवरून कोंकणच्या वरकस जमिनींत उतरला.

४. उलट दिशेनें

हा व्यवहार एकतर्फी नव्हता. आपले शब्दही टोपीकरांच्या भाषांत गेले व तेथें भलतेंच रूप पावले. संस्कृत ‘नारंग’ फारसी-अरबींतून जाऊन स्पेनमध्यें ‘नारांखा’, पोर्तुगालांत ‘लारांझा’ व इंग्लंडांत ‘ऑरेंज’ झाला. उलटपक्षीं अरबांनीं त्या फळाच्या गोड जातीस पोर्तुगालावरून ‘बुर्तुकाल’ म्हटलें. संस्कृत ‘मंत्रिन्’ मलायी भाषेंतून पोर्तुगीजांत ‘मांदारीं’ होऊन चिनी अधिकाऱ्यास लागला. आज तोच चिनी भाषेचेंही नांव आहे.

राजापूरच्या कागदांच्या वाचकास यापैकीं विशेष जपण्याजोगा शब्द म्हणजे ‘पगोडा’. पोर्तुगीज ‘पागोद’ शब्दाचे अर्थ तीन: देवमूर्ति, देऊळ, आणि देवाची आकृति असलेलें सोन्याचें नाणें, म्हणजे आपला होन. वखारीच्या नुकसानभरपाईच्या बोलण्यांत इंग्रजी कागदांत पगोडे येतात ते होन होत. तेथें देवळें मोजलेलीं नाहींत. ह्या शब्दाच्या मूळाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. कोणी ‘भगवती’ म्हणतात, कोणी फारसी ‘बुतकदा’. प्रस्तुत प्रयोजनास अर्थ पुरेसा आहे.

स्थलनामाविषयींही एक इशारा देणें जरूर आहे. इंग्रजी पत्रांत ‘दंडा राजापोर’ असें जें येतें तें जंजिऱ्यासमोरील दंडाराजपुरी होय. अर्जुना नदीवरील, जैतापूरच्या खाडीनें समुद्रास जोडलेलें राजापूर निराळें. दोहोंच्या लेखनांतील साम्यामुळें एका ठिकाणची हकीकत दुसरीकडे चिकटविली जाण्याचा धोका आहे.

५. कागदाच्या कसोटीविषयीं

शेवटीं संग्राहकांच्या कामाची गोष्ट. परकी शब्दांवरून कागदाचा काळ ठरवितां येईल काय? कांहीं अंशीं येईल, परंतु सावधपणें. गोवें इ. स. १५१० त पोर्तुगीजांकडे गेलें. तेव्हां सतराव्या शतकांतील कोंकणच्या कागदांत एखादा पोर्तुगीज शब्द आढळला तर केवळ तेवढ्यानें तो कागद बनावट ठरत नाहीं. उलट ‘गारदी’ शब्द पाहा. फ्रेंच ‘गार्द’, पोर्तुगीज ‘ग्वार्दा’, ह्यांच्या मुळाशीं जर्मानिक ‘वार्द’ आहे. म्हणूनच इंग्रजींत ‘वॉर्ड’ हा घरचा व ‘गार्ड’ हा फ्रेंचांकडून फिरून आलेला, असे एकाच मुळाचे दोन शब्द नांदतात. आपल्याकडे हा शब्द कवायती पायदळाच्या अर्थीं प्रसिद्धीस आला तो अठराव्या शतकाच्या मध्यास, बुसीच्या दक्षिणेंतील कारकीर्दीनंतर. पानिपतावर इब्राहिमखान गारदी लढला तो इ. स. १७६१ त. पुढें ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणरावांचा वध झाला आणि पहारेकऱ्याचें हें नांव मराठींत कायमचें मारेकऱ्याचें झालें. ‘कंपू’ही तसाच: लॅटिन ‘कांपुस’ म्हणजे मैदान, त्यावरून लष्करी तळ, महादजी शिंद्यांच्या काळीं दि बॉयनच्या हाताखालील कवायती फौज, आणि आज स्वार्थासाठीं जमलेलें टोळकें. आतां शिवकालीन म्हणविणाऱ्या एखाद्या पत्रांत कवायती शिपायाच्या अर्थीं ‘गारदी’ वा फौजेच्या अर्थीं ‘कंपू’ आला तर वाचकानें थांबलेंच पाहिजे.

थांबावें, पण कागद फेकून देऊं नये. नक्कल करणारा कारकून जुन्या शब्दाच्या जागीं आपल्या काळचा शब्द सहज घालतो. अशा वेळीं मजकूर जुना व नक्कल नवी, असा संभव उरतो. कागद, शाई, वळण व मायना पाहूनच निर्णय करावा. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळिला जात नसल्यानें परकी नांवांचें वाचन मुळांतच नाजूक असतें, हेंही विसरतां कामा नये.

मोल्सवर्थ, यूल व बर्नेल, आणि गोमंतकीय पंडित दालगादु यांनीं ह्या क्षेत्रांत मोठें काम करून ठेविलें आहे. परंतु त्यांच्या कोशांत मराठी शब्दापुढें मूळ शब्द मिळतो. तो मराठी कागदांत प्रथम केव्हां, कोणत्या गांवीं, कोणत्या अर्थानें उतरला, याची सनवार नोंद आपणच करावयाची आहे. ती सामग्री राजापूर, वेंगुर्लें, चौल, वसई अशा बंदरांच्या आसपासच्या घरांतून रुमालांत बांधून पडली आहे. ज्यांच्या संग्रहीं तारखेचा अस्सल कागद असेल त्यांनीं त्यांतील असा प्रत्येक शब्द, त्याची ओळ, मिति व ठिकाण टिपून ठेवावें, आणि शब्द चुकीचा वाटला तरी तो ‘शुद्ध’ करूं नये. ‘वलंदेज’ जागीं कोणी ‘डच’ लिहिलें असतें, ‘डिंगमार’ जागीं ‘डेन’ केलें असतें, तर राजापूरच्या धक्क्यावर कोण कोणाशीं कोणत्या भाषेंत बोलत होतें, याचा हा पुरावा आपण आपल्याच हातानें पुसून टाकिला असता.